टॅनग्राममध्ये विशालकोन त्रिकोण का बनत नाही?

तिरपागडी
मुलांना कोनांवरून त्रिकोण ओळखायला शिकवायचं म्हटलं की कोणीतरी हमखास टॅनग्राम पुढे करतं. हाताळता येतं, रंगीत असतं, मुलं रमतात, सगळं मान्य. पण माझं मत असं की नेमक्या याच धड्यासाठी ते सगळ्यात गैरसोयीचं कोडं आहे.

सात तुकडे बघा. दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन छोटे, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन. पाचही त्रिकोण काटकोन, वर समद्विभुज. मोठा असो की छोटा, कोन तेच ४५-४५-९०. मग मुलांना लघुकोन त्रिकोण आणि विशालकोन त्रिकोण दाखवायचे कुठून? तुकडे जोडून बनवायला सांगितलं तर तासभर खटपट करून पुन्हा काटकोनच येतो. हे माझ्याकडच्या मुलांनाच जमत नाहीये का मुळातच अशक्य आहे? आणि अशक्य असेल तर दुसरं काय वापरता तुम्ही लोक?

कर्णमधुर
अहो तुकडे काटकोनी म्हणून जोडलेला आकारही काटकोनीच, असं कसं? समांतरभुज चौकोनात १३५ चा कोन आहे की ढळढळीत. तो एका कोपऱ्यात ठेवायचा, बाकीचे दोन कोपरे बारीक करायचे, झाला विशालकोन त्रिकोण. मुलांना अजून थोडा वेळ द्या.

उगाच_एक
वेळ द्या म्हणे. मी मागच्या दिवाळीपासून देतोय स्वतःला.

शून्यलब्धी
@कर्णमधुर, बाकीचे दोन कोपरे किती बारीक करणार? १३५ गेले की उरतात ४५, ते दोन कोपऱ्यांत वाटायचे म्हणजे निदान एक कोपरा साडेबावीस किंवा त्याहून कमी हवा. तुमच्याकडे ४५ पेक्षा बारीक टोक असलेला तुकडाच नाही.

सरळच सांगतो. टॅनग्रामच्या सगळ्या तुकड्यांत कोन तीनच प्रकारचे आहेत, ४५, ९० आणि १३५. आकृतीचा कुठलाही बाहेर आलेला कोपरा भरायला तुकड्यांचे कोपरेच लागतात, दुसरं काही तिथे बसतच नाही, म्हणून तो कोपरा ४५ च्या पटीतच असणार. त्रिकोणाला असे तीन कोपरे आणि बेरीज १८०, म्हणजे ४५ चे चार वाटे तीन कोपऱ्यांत वाटायचे आणि प्रत्येकाला निदान एक द्यायचाच. एक, एक, दोन. संपलं. ४५-४५-९० सोडून दुसरा त्रिकोण नाही, तुकडे दोन वापरा नाहीतर सातही वापरा, आणि असे दहा संच एकत्र केलेत तरी नाही.

तेव्हा तिरपागडी, मुलांचं काही चुकत नाहीये.

तिरपागडी
@शून्यलब्धी वा! वाटे वाटण्याची ही भाषा मुलांनाही कळेल. धन्यवाद.

चौकटीबाहेर
पण माझ्या भाचीने परवा लघुकोन त्रिकोण बनवलाय हो टॅनग्राममधून, मी स्वतः बघितलाय. थोडासा उंच होता, तिन्ही टोकं बारीक. प्रमेयबिमेय ठीक आहे पण समोर दिसतंय त्याचं काय?

शून्यलब्धी
तिन्ही बाजूंना फूटपट्टी लावा. नंतर उजेडासमोर धरून फटी बघा.

चौकटीबाहेर
लावली. डावी बाजू मधेच किंचित आत जाते. पण किंचितच!!

काटकोनी
हे 'किंचितच' लई भारी प्रकरण आहे, यावर एक अख्खं कोडं उभं आहे. पॉल करी या हौशी जादूगाराचं, १९५३ चं. चौकटीच्या कागदावर १३ लांब आणि ५ उंच असा काटकोन त्रिकोण, त्याचे चार तुकडे, दोन काटकोन त्रिकोण (एक ८ बाय ३ चा, दुसरा ५ बाय २ चा) आणि दोन पायऱ्यांसारखे वाकडे तुकडे. तुकडे फिरवून पुन्हा मांडले की तोच १३ बाय ५ चा त्रिकोण पण मधे एक चौकट रिकामी! बघणारा चक्रावतो, चौकट गेली कुठे.

गेली कुठेच नाही, कारण तो त्रिकोण मुळात त्रिकोणच नाही. ८ बाय ३ चा चढ साधारण २०.५६ अंशाचा आणि ५ बाय २ चा २१.८ अंशाचा, म्हणजे कर्ण जिथे जुळतो तिथे सव्वा अंशाची मोड आहे. एका मांडणीत ती आत जाते, तिथला कोन १८१ च्या वर, दुसरीत बाहेर येते, तिथला १७९ च्या आत. चार बाजू, चार कोन, शुद्ध चौकोन. चार तुकड्यांचं मिळून क्षेत्रफळ ३२, खऱ्या १३ बाय ५ त्रिकोणाचं साडेबत्तीस, आणि भोक धरून दुसरी मांडणी ३३. डोळ्याला सव्वा अंश दिसत नाही, म्हणून कोनांवरून वर्गीकरण करताना 'दिसतं तसं' चालत नाही हे शिकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

कर्णमधुर
म्हणजे पहिल्या मांडणीत तो चौकोन अंतर्वक्र आणि दुसरीत बहिर्वक्र? आणि सगळे त्याला त्रिकोण म्हणून फॉरवर्ड करत बसतात. हे आवडलं.

मधलीसुट्टी
टॅनग्राम हे चार हजार वर्षांपूर्वीचं प्राचीन चिनी ज्ञान आहे, तान नावाच्या देवाने दिलेलं. इतकी वर्षं लोक खेळतायत तर त्यात काहीतरी असेलच ना, लगेच 'गैरसोयीचं' काय.

काटकोनी
@मधलीसुट्टी, तो तान देव सॅम लॉइड या अमेरिकन कोडेबहाद्दराने १९०३ मध्ये स्वतः बनवलेला आहे, चार हजार वर्षांसकट. कोडं चिनीच, पण त्याच्यावरचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं पुस्तक १८१३ चं आहे आणि युरोप-अमेरिकेत त्याचं वेड पसरलं ते १८१७-१८ च्या सुमारास.

मधलीसुट्टी
आमच्या वेळी देवावर इतके प्रश्न विचारत नव्हते 😀

उगाच_एक
तान देवाला १८१ अंशाचा नमस्कार.

घडीमोड
धागा त्रिकोणावरच अडकलाय. शीर्षकात नसलं तरी कोनांवरून वर्गीकरण म्हणजे बाकीच्या बहुभुजाकृती पण आल्या, आणि तिथे टॅनग्रामची खरी मजा आहे. शून्यलब्धींची वाटे वाटायची पद्धत चौकोनाला लावून बघा. बेरीज ३६० म्हणजे ४५ चे आठ वाटे, चार कोपरे, प्रत्येकाला एक, दोन किंवा तीन (आकृती बहिर्वक्र आहे असं धरून). तीनच प्रकार निघतात:

सगळे ९०
४५, ९०, ९०, १३५
४५, ४५, १३५, १३५

पहिल्यात चौरस आणि आयत. दुसऱ्यात दोन काटकोन शेजारी आले तर एका बाजूला दोन काटकोन असलेला समलंब, समोरासमोर आले तर समलंब नसलेला चौकोन. तिसरा प्रकार मुलांपुढे टाकाच, कारण तिथेही कोन तेच चार पण आकृत्या दोन. ४५ नंतर १३५, पुन्हा ४५, पुन्हा १३५ असे आलटून पालटून आले तर समांतरभुज चौकोन, आणि दोन्ही ४५ शेजारी शेजारी आले तर समद्विभुज समलंब. म्हणजे नुसते कोन मोजून भागत नाही, क्रम बघावा लागतो. त्रिकोणात ही भानगड कधी येत नाही कारण तीन कोपऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाचा शेजारीच असतो.

शून्यलब्धी
@घडीमोड मस्त. याच्यापुढचं कामही होऊन गेलंय. वांग आणि शिउंग या दोन चिनी गणितज्ञांनी १९४२ मध्ये सिद्ध केलं की सातही तुकडे वापरून बनणाऱ्या बहिर्वक्र आकृत्या बरोब्बर १३ आहेत. एक त्रिकोण, सहा चौकोन, दोन पंचकोन, चार षटकोन. बस.

आठपेक्षा जास्त बाजू का शक्य नाहीत ते घरी पण काढता येतं. प्रत्येक कोपऱ्याशी आपण किती वळतो ते बघा, म्हणजे बाह्यकोन. आतला कोन जास्तीत जास्त १३५, म्हणजे वळण कमीत कमी ४५, आणि पूर्ण फेरी ३६० ची, तर वळणं आठच. सात किंवा आठ बाजूंची आकृती कोनांच्या हिशोबात बसते पण या सात तुकड्यांतून होत नाही.

याच हिशोबातून अजून एक. ४५ च्या टोकापाशी १३५ वळावं लागतं. अशी तीन टोकं झाली तर ४०५, फेरीपेक्षा जास्त. म्हणून टॅनग्रामच्या बहिर्वक्र आकृतीला लघुकोन जास्तीत जास्त दोनच.

तिरपागडी
आणि साधारण कुठल्याही बहुभुजाकृतीला? मुलं विचारतीलच, सगळे कोन लघुकोन असलेला पंचकोन असतो का म्हणून.

शून्यलब्धी
बहिर्वक्र असेल तर जास्तीत जास्त तीन, बाजू कितीही असोत. लघुकोनापाशी ९० पेक्षा जास्त वळतो आपण, चार वेळा वळलो की ३६० ओलांडलं. म्हणून सगळे कोन लघुकोन हे भाग्य फक्त त्रिकोणाचं.

कर्णमधुर
आणि ते हंस, मांजर, पळणारा माणूस वगैरे? तिथे तर आत गेलेले कोपरे पण असतात.

घडीमोड
तिथे प्रविशालकोन येतात, पण तेही ४५ च्या पटीतच, २२५, २७०, ३१५. मांजराच्या दोन कानांमधला कोपरा मोजायला सांगा, मुलं आधी बाहेरून मोजतात आणि ९० सांगतात, मग आकृतीच्या आतून किती असं विचारलं की गडबडतात. माझ्या मते बहिर्वक्र-अंतर्वक्र यासाठी टॅनग्राम उत्तमच आहे. तिरपागडी म्हणतात तसं 'गैरसोयीचं' फक्त त्रिकोणांपुरतं.

रेघोट्या
मूळ प्रश्नाकडे येते, दुसरं काय वापरायचं. आम्ही पॅटर्न ब्लॉक वापरतो. पिवळा षटकोन, लाल समलंब, निळा समभुज चौकोन, हिरवा समभुज त्रिकोण, केशरी चौरस आणि तो किडकिडीत फिकट चौकोन ज्याचं टोक ३० अंशाचं असतं. सगळे कोन ३० च्या पटीत. म्हणजे शून्यलब्धींच्या भाषेत सहा वाटे तीन कोपऱ्यांत: २-२-२, १-२-३, १-१-४. लघुकोन, काटकोन, विशालकोन, तिन्ही आले! टॅनग्राम फेका.

शून्यलब्धी
थांबा थांबा. कोन बसतात म्हणून त्रिकोण बनतोच असं नाही. १-१-४ बनवून फोटो टाका बघू.

रेघोट्या
बसलेय. येत नाहीये. जवळपास येतो आणि लांब बाजूशी अडतो.

शून्यलब्धी
अडणारच. पॅटर्न ब्लॉकच्या सगळ्या बाजू सारख्या लांबीच्या, फक्त लाल समलंबाची मोठी बाजू दुप्पट. म्हणजे त्यातून बनलेल्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू पूर्ण संख्येची हवी. ३०-३०-१२० मध्ये लांब बाजू ही छोटीच्या वर्गमूळ ३ पट असते, १.७३२ पुढे न संपणारं. एक बाजू पूर्ण संख्या झाली की दुसरी होऊच शकत नाही. ३०-६०-९० मध्ये पण तेच वर्गमूळ ३ आडवं येतं. उरतो फक्त समभुज.

गंमत बघा, टॅनग्राममध्ये फक्त काटकोन त्रिकोण, पॅटर्न ब्लॉकमध्ये फक्त लघुकोन त्रिकोण.

उगाच_एक
आणि विशालकोन त्रिकोण बिचारा दोन्हीकडून बाहेर. त्याच्यासाठी कोणी आंदोलन करा रे.

घडीमोड
आंदोलन कशाला, माझ्याकडे त्याचं घर आहे. सुसम पंचकोन काढा पुठ्ठ्यावर, कोनमापकाने १०८ चे कोन. एका शिरोबिंदूतून दोन्ही कर्ण कापा. तीन तुकडे पडतात, मधला उंच ३६-७२-७२ आणि दोन्ही बाजूंचे बसके ३६-३६-१०८. मधल्या तुकड्याच्या एका ७२ च्या कोनाला दुभागून कापलं की त्यातून पुन्हा एक बसका ३६-३६-१०८ आणि एक छोटा उंच ३६-७२-७२. कापत राहा, हेच दोन प्रकार येत राहतात.

इथे वाटा ३६ चा, १८० मध्ये पाच वाटे. १-२-२ किंवा १-१-३ असेच पडतात, म्हणजे लघुकोन पण मिळाला आणि विशालकोन पण. काटकोन मात्र कधीच नाही, ३६ च्या पाढ्यात ९० येतच नाही.

कर्णमधुर
अरे हे तर एकदम जमलं. ४५ वाल्याकडे काटकोन, ३० वाल्याकडे लघुकोन, ३६ वाल्याकडे बाकीचे दोन. तिन्ही कोडी समोर ठेवून मुलांनाच शोधू द्या की कोण काय बनवू शकत नाही. मी वर्ग घेत असतो तर हेच केलं असतं.

तिरपागडी
@कर्णमधुर, तुम्ही वर्ग घेत नाही हे कळतंय 😀 लघुकोन आणि काटकोन यात अजून गोंधळणाऱ्या मुलापुढे तीन संच ठेवून 'काय बनू शकत नाही ते शोध' म्हटलं की तो शोधतो दरवाजा. अशक्यता कळायला आधी शक्य काय ते हाताने करून झालेलं असायला लागतं. मला आधी तिन्ही प्रकार हातात देणारं काहीतरी हवंय, साधं.

चौकटीबाहेर
मला उलट वाटतं. 'बनव' म्हटलं की मुलं दोन मिनिटांत कंटाळतात, 'हे बनूच शकत नाही' म्हटलं की इरेला पेटतात. माझी भाची अजून तो त्रिकोण सोडायला तयार नाही, फटी घासून बुजवू म्हणते.

काटकोनी
इरेला पेटायचंच असेल तर हे घ्या. जुनं कोडं आहे, गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी पुष्कळ लोकांपर्यंत पोचवलं. एक विशालकोन त्रिकोण घ्यायचा आणि त्याचे सरळ रेषांनी असे त्रिकोणी तुकडे करायचे की प्रत्येक तुकडा लघुकोन त्रिकोण असेल. काटकोन चालणार नाही. होतं का, आणि कमीत कमी किती तुकड्यांत? उत्तर लगेच टाकू नका कोणी.

मधलीसुट्टी
होत नाही. मोठ्या कोनाला कापलं की समोरच्या बाजूवर रेघ टेकते, तिथे एक बाजू लघुकोन झाली की दुसरी विशालकोन. पुन्हा तेच. विशालकोन मरतच नाही.

घडीमोड
रेघ समोरच्या बाजूपर्यंत नेली तर नाहीच मरत, पण मधेच थांबवली तर?

कर्णमधुर
मधे थांबवून तिथून चार दिशांना रेघा. नको, चार म्हणजे ३६० भागिले ४, एक तरी कोन ९० किंवा वर. पाच हव्यात!

शून्यलब्धी
आता एवढं झालंच आहे तर पूर्ण करतो, ज्यांना स्वतः काढायचंय त्यांनी पुढचा प्रतिसाद.

त्रिकोणाचं अंतर्वर्तुळ काढा. दोन्ही बारीक टोकांशी वर्तुळाला टेकणारी एकेक आडवी रेघ मारा, त्या टोकाच्या कोनदुभाजकाला लंब. दोन टोकं कापली गेली, दोन्ही समद्विभुज लघुकोन त्रिकोण. मधे उरला पंचकोन, त्याचे पाचही शिरोबिंदू वर्तुळाच्या केंद्राला जोडा, पाच त्रिकोण. एकूण सात, आणि सातपेक्षा कमीत होत नाही.

लघुकोनच का, तर केंद्राला जोडणारी प्रत्येक रेघ पंचकोनाच्या कोनाला दुभागते, कोन १८० च्या आत म्हणून अर्धे ९० च्या आत. पंचकोनाचा प्रत्येक कोन ९० पेक्षा मोठा, म्हणून केंद्रापाशी उरणारेही ९० च्या आत.

काटकोन त्रिकोणालाही हीच युक्ती चालते. टॅनग्रामचा ४५-४५-९० घ्या. टोकाचे दोन तुकडे ४५-६७.५-६७.५, मधल्या पंचकोनाचे कोन ९० आणि चार वेळा ११२.५, बेरीज ५४०. केंद्रापाशी ७८.७५ दोनदा, ६७.५ तीनदा, बेरीज ३६०. सगळे लघुकोन.

उगाच_एक
म्हणजे टॅनग्राममधून लघुकोन त्रिकोण मिळतो, फक्त टॅनग्राम कापावं लागतं.

चौकटीबाहेर
हे भाचीला सांगणार नाहीये. घरात एकच संच आहे.

रेघोट्या
तिरपागडींना साधं हवं होतं ना, मग कोड्याचे संच सोडा, कंपासपेटीतला ३०-६०-९० वाला गुण्या ठेवून पुठ्ठ्यावर त्याचे दोन सारखे त्रिकोण कापा. एक तुकडा नुसता, काटकोन त्रिकोण. दोन तुकडे लांब बाजूने आरशासारखे जोडा, ६०-६०-६०, लघुकोन. आखूड बाजूने आरशासारखे जोडा, ३०-३०-१२०, विशालकोन. तिन्ही प्रकार दोन तुकड्यांत. (लांब-आखूड म्हणजे काटकोनाच्या दोन बाजू, कर्ण नाही.)

कर्ण जोडले तर एकीकडून आयत, उलटवून जोडले तर पतंग, त्याचे कोन ६०, ९०, १२०, ९०. काटकोनाच्याच बाजू पण तुकडा अर्धा फेरा फिरवून जोडले तर दोन वेगवेगळे समांतरभुज चौकोन, एकाचे कोन ६० आणि १२०, दुसऱ्याचे ३० आणि १५०. एकूण सहा आकृत्या.

शून्यलब्धी
+१, आणि यातच टॅनग्रामचं दुखणं दिसतं. काटकोन त्रिकोण एका बाजूने दुप्पट केला की एक कोन दुप्पट होतो. ४५ पेक्षा मोठा कोन दुप्पट केला तर विशालकोन, छोटा केला तर लघुकोन. ४५ चे दुप्पट ९०, दोन्ही बाजू सारख्या, म्हणून कुठूनही जोडा, काटकोनच. गुण्याच्या जागी कुठलाही तिरपा काटकोन त्रिकोण घ्या, २०-७० चा पण चालेल, फक्त समद्विभुज नको.

तिरपागडी
@रेघोट्या हेच हवं होतं. आधी दोन तुकड्यांचा हा खेळ, मग टॅनग्राम देऊन 'आता यातून विशालकोन बनव' असा क्रम लावते, म्हणजे चौकटीबाहेर म्हणतात ती इरेला पेटायची सोयही राहील. पुठ्ठ्याच्या एका बाजूला रंगीत कागद चिकटवला तर चालेल ना, ओळखायला बरं?

रेघोट्या
दोन्ही बाजूंना चिकटवा नाहीतर कुठेच नको. आरशासारखं जोडायला एक तुकडा पालथा करावा लागतो, आणि एकाच बाजूला रंग असला की मुलं रंगीत बाजू खाली जाऊ देत नाहीत, मग त्यांना दोन्ही त्रिकोण सापडतच नाहीत, नुसते समांतरभुज चौकोन आणि आयत करत बसतात.

काटकोनी
टॅनग्राममध्ये पण हीच अडचण त्या समांतरभुज चौकोनाची. बाकी सहा तुकडे पालथे केले तरी तसेच दिसतात, हा एकटाच उलटा होतो. कितीतरी आकृत्या त्याच्यामुळे अडलेल्या असतात.

उगाच_एक
दिवाळीपासून अडलेलो का ते आत्ता कळलं. पालथा करायला परवानगी असते होय.